करंगळीच्या बाजूचं हाड

हात आधी आला, माणूस मागून. प्लास्टरच्या खोलीत नेहमी असंच होतं. पडदा सरकतो, कोणीतरी स्वतःचा एक हात दुसऱ्या हातात तान्ह्या पोरासारखा धरून आत येतं, आणि मी तोंडाकडे बघायच्या आधी हाताकडे बघते. तोंड 'घसरलो' म्हणतं, 'अडखळलो' म्हणतं, 'दार लागलं' म्हणतं. हात बिचारा खरं काय ते सांगत टेबलावर पडून राहतो. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टेबलावर आलेला हात उजवा होता, म्हातारा होता, कोपराखाली सुजून चकचकीत झाला होता, आणि त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. दोन पात्यांचं नख. चिरेत मळ बसून काळी रेघ झाली होती. ती रेघ मी ओळखली, आणि माझ्या हातातली पट्टी बादलीत परत पडली. पाणी उडून माझ्या पायांवर आलं. म्हाताऱ्याबरोबर आलेला माणूस म्हणाला, "अहो ताई, सावकाश." मला सावकाश म्हणणाऱ्याकडे मी अजून पाहिलंच नव्हतं.

आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचा चेहरा फारसा माहीत नसतो, तो वर कुठेतरी असतो. तिच्या डोळ्यांच्या उंचीला येतो तो हात. अनाथ मुलींच्या त्या वसतिगृहात आम्ही एकेचाळीस जणी होतो आणि एकेचाळीस जणींना हे नख पाठ होतं. वसतिगृहाच्या अधीक्षकाला तोंडावर 'काका' म्हणायचं असा नियम होता. आपसात आम्ही त्याला फळी म्हणायचो, कारण तो मारायचा तेव्हा हात बसल्यासारखा वाटायचा नाही, फळी बसल्यासारखी वाटायची. तो दारू पीत नसे, ओरडत नसे, शिव्या तर कधीच देत नसे. मारण्याआधी मनगटावरचं घड्याळ सोडायचा, शर्टाच्या खिशात ठेवायचा, आणि घड्याळ सुटताना दिसलं की रांगेतल्या सगळ्या मुलींचे गाल एकदम घट्ट व्हायचे. मारायचं एकीला असायचं, तयारी सगळ्यांची. बाकी माणूस वक्तशीर. सकाळी सातला प्रार्थना तो स्वतः सांगायचा, डोळे मिटून, गळा भरून येईल इतक्या मनापासून. "तो दुबळ्यांचा वाली आहे. त्यांची हाक त्याच्या कानी जाते. तो जुलमी माणसाचा हात मोडतो आणि कोंडलेल्यांना बाहेर काढतो." तीनदा. मग आम्ही तीनदा. त्याला हे म्हणताना कधी ठेच लागली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आपण जुलमी आहोत असं कुठल्या जुलमी माणसाला वाटलंय म्हणा. जुलमी म्हटलं की त्याला त्याचा वरचा साहेब आठवत असणार.

एकदा प्रार्थना संपल्यावर माझ्या ताईनं हात वर केला. ताई अकरा वर्षांची होती, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. "काका," तिनं विचारलं, "कधी मोडतो?" ताई वात्रट नव्हती. तिला खरोखरच तारीख हवी होती, जशी परीक्षेची विचारतात. काकांनी घड्याळ सोडलं. सात थपडा बसल्या. मी मोजल्या, आठवी बसली नाही कारण ताई उभी उरली नव्हती. सगळ्या डाव्या गालावर, डाव्या कानावर, एकाच जागी, खिळा ठोकताना हातोडी चुकू नये तसं लक्ष देऊन. संध्याकाळी तिच्या उशीला रक्ताचा डाग होता, आठवड्याभरात कानातून पिवळं पाणी यायला लागलं, आणि पुढे तो कान ऐकण्याच्या कामाचा उरलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी सातच्या प्रार्थनेला सगळ्यांत मोठा आवाज ताईचा होता. मला वाटलं भीतीनं ओरडतेय. नंतर अंथरुणात तिनं मला समजावलं, तोंडाला पांघरूण लावून: "अगं, ज्यानं मारलं त्याच्याच तोंडून देव रोज वदवून घेतो. म्हणजे लिहून घेतल्यासारखंच झालं की." त्या दिवसापासून एकतीस वर्षं ताई ती तीन वाक्यं रोज म्हणते. आम्ही दोघी एका खोलीत राहतो, आमची लग्नं झाली नाहीत, जमवायला कोणी नव्हतंच. सकाळी मी भाकरीचं पीठ मळते आणि ती उजवा कान खिडकीकडे करून बसते, जणू उत्तर तिकडूनच येणार आहे. मी चिडवते. "काय गं, लागली का तारीख?" ती म्हणते, "लागेल." मी देवाला सोडून दिलं त्याला फार वर्षं झाली, देव आणि आमच्या दवाखान्यातला एक्स-रे विभाग, दोघांचं बोलणं मला सारखंच वाटायला लागलं होतं. उद्या या.

"न्हाणीघरात पाय घसरला यांचा," माझ्यासमोरचा माणूस सांगत होता. मुलगा. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात बापाचा केसपेपर. "वय झालं ना आता. किती सांगा, ऐकत नाहीत." मी म्हाताऱ्याला विचारलं, "घसरलात का?" म्हाताऱ्यानं आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग म्हणाला, "हो. घसरलो." आधी पाहायचं आणि मग बोलायचं. ते पाहणं मला नखापेक्षा जास्त पाठ होतं. एकेचाळीस जणी असंच पाहायचो. मी एक्स-रे उजेडासमोर धरला. मला काम शिकवणारे उस्ताद, या खोलीतले जुने प्लास्टरवाले, पहिल्याच महिन्यात मला म्हणाले होते, "पोरी, कोपर ते मनगट दोन हाडं. पडणारा माणूस जमिनीला हात टेकतो, त्याचं मनगट जातं. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध गेलेलं दिसलं तर समजायचं, हा पडलेला नाही. यानं डोकं झाकायला हात वर घेतला. वरून काहीतरी आलं." मग हसून रजिस्टर दाखवलं होतं, त्यात 'कारण' असा एक रकाना, आणि त्यात खालपर्यंत एकच शब्द, पडून, पडून, पडून. त्या वहीतल्या गावाला उभं राहताच येत नाही जणू. मी म्हाताऱ्याच्या दुसऱ्या, चांगल्या हाताची बाही वर केली. दंडावर एक पिवळा डाग, त्याच्याजवळ एक हिरवट, मानेखाली जांभळा. पिवळा दहा दिवसांचा, हिरवा सहाएक, जांभळा परवाचा. तारखा घातल्यासारखे. एक्स-रेमध्ये करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध तुटलं होतं, खडू तुटतो तितकं स्वच्छ.

मोडला होता. उजवा. तोच.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी बरंच सभ्य करून सांगू शकले असते, पण पोटातून काहीतरी वर आलं ते हसू होतं. चांगलं हसू नव्हतं. लहानपणी एकदा स्वयंपाकघरात सापळ्यात अडकलेला उंदीर बादलीत बुडवताना पाहिला होता, तेव्हा आलेलं, तसलं. देवानं शब्द पाळला होता! ताईचा खुळा, म्हातारा, एकतीस वर्षं रखडलेला शब्द. फक्त कामाला माणूस लावताना त्यानं जरा निष्काळजीपणा केला होता. जुलमी माणसाचा हात मोडायला दुसरा जुलमी माणूस धाडला होता. पण मी म्हटलं, चालायचंच. देवाला कोणाचे तरी हात लागतातच. मुलगा मोबाइलवर बोलत होता, "हो, हो, दवाखान्यात आलोय, म्हाताऱ्याचं नेहमीचंच," आणि मी म्हाताऱ्याच्या मानेकडे बघत होते. किती बारीक झाली होती. शर्टाची कॉलर मानेभोवती पोकळ फिरत होती. मला दया आली असती, पण दया यायच्या आधीच मला पिवळं पाणी आठवलं, उशीचा डाग आठवला, घड्याळ खिशात घालताना होणारा तो छोटा आवाज आठवला, आणि दया परत गेली.

आमचे हाडांचे डॉक्टर कायम घाईत. त्यांनी पडद्यातून डोकं घातलं, एक्स-रे पाहिला, "स्लॅब लावा, परवा दाखवायला सांगा," म्हणाले आणि गेले. स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर, हाताच्या खालच्या बाजूला पन्हाळीसारखं, वरून साधी पट्टी. ताजा मोडलेला हात दिवसभर सुजत जातो, त्याला फुगायला जागा हवी, म्हणून पहिल्या दिवशी हात सगळीकडून बंद करायचा नसतो. हे आमच्याकडे फरशी पुसणारी बाईसुद्धा सांगेल. मी पहिल्या दिवशी पूर्ण प्लास्टर घातलं. कापसाचे तीन थर द्यायचे असतात, मी एक दिला, तोही ओढून. पट्टी कोमट पाण्यात सोडली, बुडबुडे यायचे थांबले, काढली, पिळली, आणि मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गुंडाळत नेली, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा, प्रत्येक फेरा जरा जास्त आवळून. एक पट्टी, दुसरी, तिसरी. माझे हात फार छान चालत होते. आजवर घातलेल्यांतलं ते सर्वांत देखणं प्लास्टर असेल, गुळगुळीत, पांढरंशुभ्र, कडा दुमडलेल्या. प्लास्टर घट्ट होताना तापतं. म्हाताऱ्याला ती ऊब लागली तसे त्याचे खांदे सैलावले, आणि इतका वेळ गप्प असलेला तो पहिल्यांदा आपणहून बोलला, मुलाकडे न बघता. "बरं वाटतंय, बाळ. देव तुझं भलं करो." आवाज तोच. सात वाजताचा. मी शेवटची कड अंगठ्यानं दाबून बसवली.

आणि एक वाक्य मी बोलले नाही. ते मी प्रत्येकाला सांगते, झोपेत उठवलं तरी सांगेन: "बोटं हलवत राहा. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखणं वाढलं, तर वाट न बघता लगेच यायचं." त्यांना मी फक्त "परवा" म्हटलं. मुलानं केसपेपर घडी करून खिशात घातला आणि बापाच्या चांगल्या दंडाला धरलं. नीट पिवळ्या डागावर. म्हाताऱ्यानं दात आवळले. ते गेल्यावर दोन वाजेपर्यंत मी सात प्लास्टर घातली, आणि सातही जणांना ते वाक्य सांगितलं. सातव्याला सांगताना माझा आवाज चिरकला. तो म्हणाला, "ताई, पाणी प्या."

ताई शाळेच्या गणवेशांच्या दुकानात मागच्या खोलीत काज-बटणं करते. सुटल्यावर मी तिकडे गेले ते जवळजवळ पळतच. हातांना प्लास्टरची भुकटी तशीच होती. रस्ताभर मी तिचं तोंड कसं होईल ते रंगवत होते. लहानपणी मला परीक्षेत पहिला नंबर मिळाला होता तेव्हासुद्धा तिला सांगायला मी एवढी पळाले नव्हते. कापड कापणारे मास्तर दारातच होते. "आली का हाडवैद्यीण," ते म्हणाले. "आज कोणाचा पाय सरळ केलास?" मी तशीच आत गेले. ताईच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि तिच्या चांगल्या कानाशी म्हणाले, "फळी आला होता."

ताईचं मशीन थांबलं. "जिवंत आहे?"

"हात मोडलाय, ताई. उजवा."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले. मी वाट बघत होते, आता ही हसेल, रडेल, मला मिठी मारेल. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "कोणी मोडला?"

"त्याच्या पोरानं. पडले म्हणतो, पण हाड काय पडल्याचं नाही. अंगावर डाग आहेत, जुने, नवे. घरात मारतात त्याला. बोलायच्या आधी पोराकडे बघतो, आपण बघायचो ना, तसा."

"तसाच?"

"अगदी तसाच."

ताईच्या मांडीवर एक छोटा पांढरा शर्ट होता, त्याच्या शेवटच्या काजात तिनं नुसतंच बोट घातलं आणि काढलं. मग म्हणाली, "मग तू काय केलंस?"

"काय करणार. प्लास्टर घातलं."

"कसं?"

ती मला आठव्या वर्षापासून ओळखते, म्हणजे जन्मापासूनच, पण आठव्या वर्षापासून जास्त. मी इकडेतिकडे पाहिलं. "कसं म्हणजे? घट्ट," मी म्हणाले. "पूर्ण. आज संध्याकाळपर्यंत बोटं काळी पडतील. उद्यापर्यंत हात गेलेला असेल. कोणाला कळणार नाही, ताई, सूज आली म्हणतील. तू म्हणायचीस ना, लागेल तारीख. लागली. आज." मला तिच्या तोंडावर काहीतरी उजळायला हवं होतं म्हणून मी आणखी भरभर बोलत गेले, कापूस किती दिला, फेरे किती दिले, सगळं.

ताईनं मला मारलं. उलटा नाही, सरळ हात, गालावर आणि कानावर मिळून, इतक्या जोरात की स्टूल कलंडलं आणि माझं डोकं मशीनच्या पायाला लागलं. ताईनं आयुष्यात कोणावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. झुरळ दिसलं तरी ती त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडते. कानात एक लांब शिट्टी वाजायला लागली आणि त्या शिट्टीच्या पलीकडे ताई बोलत होती. मास्तर धावत आले, "अहो, अहो, काय चाललंय," आणि तिनं त्यांना एका बोटानं बाहेर घालवलं.

"तुला कोणी बोलावलं होतं मध्ये?" ताई म्हणाली. तिचा आवाज दुकानाच्या पुढच्या खोलीत जात होता, तिला बहिरेपणामुळे आवाजाचा अंदाज नसतो. "एकतीस वर्षं मी देवाच्या तोंडाकडे बघत बसलेय. तो शब्द पाळतो की नाही, मला बघायचं होतं. मला! आता हात सडला तर कोणामुळे? तुझ्यामुळे. मग माझ्या हातात काय राहिलं, सांग की. कधीतरी कळेल का मला आता?"

"अगं, मोडला ना पण—"

"मोडला ना? मग मोडला तेवढा मोडला. शब्द 'मोडतो' एवढाच होता. सडवायचं कोण म्हणालं होतं?" ती धापा टाकत होती. मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवल्यासारखं, "आणि पुढचं? कोंडलेल्यांना बाहेर काढतो, ते काय तुझ्या-माझ्यापुरतंच होतं? त्याला मारतात म्हणतेस. पोराकडे बघून बोलतो म्हणतेस. मग तो आता आपल्यातच आला की, मेला. मला तरी कुठं हवाय तो. पण आला. जा. काप ते."

"तू चल."

"मी नाही. मला तो दिसला तर माझा हात आज थांबणार नाही. एकदा सुटलाय." ती स्वतःच्या तळव्याकडे बघत होती, लाल झाला होता. "जा म्हणते ना."

प्लास्टर कापायची कातर दवाखान्यात, कपाटात. पत्ता रजिस्टरमध्ये. मी टॅक्सी केली, कातर घेतली, पत्ता उतरवला, त्याच टॅक्सीत परत बसले. मनातल्या मनात वेळ मोजत होते: साडेअकराला प्लास्टर, आता पावणेचार, सव्वाचार तास. सहा तासांनी मांस मरायला लागतं. मरतं म्हणजे काय, तर शिजवल्यासारखं होतं, आणि पुढे कितीही केलं तरी बोटं पक्ष्याच्या पंजासारखी वळून राहतात. मी एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या कोणाच्या चुकीनं झालेलं, आणि त्या माणसासाठी मी घरी येऊन रडले होते. कान दुखत होता. मला राग ताईचा यायला हवा होता, तो येत नव्हता. मला राग येत होता तो त्या प्लास्टरच्या देखणेपणाचा. कडा किती छान दुमडल्या होत्या मी.

तिसरा मजला. जिन्यातूनच टीव्हीचा आवाज येत होता, लग्नघरात लावतात तितका मोठा. सुनेनं दार उघडलं, हातात रिमोट. मी दवाखान्यातून आलेय, प्लास्टर तपासायचं आहे, म्हणाले. "बरं झालं बाई आलात," ती म्हणाली. "दुपारपासून नुसतं बोंबलणं चाललंय. शेजारचे दोनदा येऊन गेले. हे तरी किती सहन करणार?" हे म्हणजे मुलगा, तो सोफ्यावर बसला होता आणि उठला नाही. मागच्या गॅलरीला पत्रे ठोकून खोली केलेली, तिच्या दाराला कडी बाहेरून. मी कडी काढली. टीव्हीच्या आवाजाखाली जो दुसरा आवाज होता तो आता ऐकू आला. माणसाचा वाटत नव्हता. म्हातारा खाली बसला होता, पाठ पत्र्याला, तो पांढरा हात मांडीवर. खालचा ओठ फुटला होता, हनुवटीवरचं रक्त अजून ओलं होतं. हा डाग सकाळी नव्हता. हा माझा होता. प्लास्टर आवळत गेलं, तो ओरडला, ओरडला म्हणून मारलं; तीन पायऱ्या, सरळ हिशेब, आणि पहिल्या पायरीवर मी.

बोटं जांभळी होती, फुगून एकमेकांना चिकटलेली, थंड. नख दाबून सोडलं, ते पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं. कातरीचं खालचं पातं बोथट असतं, ते कातडी आणि कापूस यांच्या मध्ये सरकवायचं असतं. मध्ये जागाच नव्हती. मला ते रेटावं लागलं. त्यानं माझा खांदा चावला. खरंच चावला, कपड्यावरून, जनावरासारखा, आणि मी त्याला चावू दिलं, कारण मला दोन्ही हात कातरीला हवे होते. कर्र, कर्र, बोटभर, आणखी बोटभर, प्लास्टर आतून अजून ओलसर होतं आणि चिवट झालं होतं, माझ्या तळव्यांची सालं निघत होती. कोपराच्या वर पोचल्यावर मी दोन्ही कडा धरून ओढल्या आणि ते करवंटीसारखं उघडलं. आतला हात लाकडासारखा टणक, त्यावर कापसाच्या वळ्या उमटलेल्या. म्हाताऱ्यानं एक इतका लांब श्वास घेतला की मला वाटलं गेला. मग रडायला लागला, आवाज न करता. मी नखाकडे बघत होते. त्या दोन पात्यांच्या नखाकडे, उकिडवी बसून, देवाकडे बघावं तसं. बऱ्याच वेळानं एका पात्याखाली फिका गुलाबी रंग आला. अंगठ्यात जीव येत होता, बाकीची बोटं अजून ठरवत होती.

"यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय," मी उठून म्हणाले. "कदाचित हाताला चिरा द्याव्या लागतील."

मुलगा गॅलरीच्या दारात येऊन उभा होता. "प्लास्टर तूच घातलंस ना?" तो म्हणाला. सकाळचं 'अहो' गेलं होतं.

"मीच घातलं. चुकीचं घातलं. तेही डॉक्टरांना सांगणार आहे."

"तेही? म्हणजे आणखी काय सांगणार?"

"हाड कसं मोडलं ते. ओठ कसा फुटला ते. कडी कुठून आहे ते."

मुलानं डावा हात पुढे घेतला आणि उजव्या हाताची बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर नेली. पट्टा सुटला. घड्याळ खिशात गेलं. माझे गाल घट्ट झाले, एकतीस वर्षांत काहीच न झाल्यासारखे, आणि माझ्यामागे म्हातारा पत्र्याला आणखी चिकटला, पत्रा वाजला. त्यालाही तो आवाज पाठ होता. हे शिकवलं कोणी, हे विचारायला ती वेळ नव्हती. मुलाचा हात माझ्या गळ्याशी आला, मला मागे दाबलं, पत्र्याची धार पाठीत घुसली, आणि त्याचं मनगट माझ्या कातरीच्या दोन पात्यांमध्ये होतं. कसं आलं मला माहीत नाही. माझे हात हल्ली मला न विचारता कामं करत होते. जाड प्लास्टर कापणारी कातर. मनगट तिला काहीच नाही. मला मिटायची होती. खरं सांगते, इतकी मनापासून मला दुसरी कुठलीच गोष्ट कधी हवीशी वाटली नव्हती, अगदी सकाळचं प्लास्टरसुद्धा नाही. कातडीवर एक लाल रेघ उमटली, दोन थेंब खाली पडले. त्यानं गळा सोडला. मी कातर सोडली नाही. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, आणि मला ताईचा लाल झालेला तळवा दिसत होता.

"अहो, नेऊ द्या तिला," सून बाहेरून ओरडली. "न्या म्हणावं आणि ठेवूनच घ्या म्हणावं. मला नकोय हे घरात." क्रिकेटची की कसलीशी आरोळी टीव्हीवर उठली.

मी कातर उघडली. तो मनगट धरून बाजूला झाला.

तीन मजले म्हाताऱ्याला उतरवून आणायला पाव तास लागला. टॅक्सीवाल्यानं आमची दोघांची तोंडं आरशात पाहिली, माझा लाल गाल, त्याचा ओठ, आणि कुठं जायचं एवढंच विचारलं. म्हातारा माझ्या अंगावर रेलला होता. त्याचा हात खाली लोंबकळू द्यायचा नव्हता, म्हणून मी कोपराखाली हात घालून तो छातीच्या उंचीला उचलून धरला. "मी दुपारपासून हाक मारत होतो," तो म्हणाला. फुटलेल्या ओठामुळे शब्द बोबडे येत होते, पण गळा भरून आला होता, तसाच. "मला माहीत होतं. त्यानंच पाठवलं तुला."

"नाही," मी म्हणाले. "माझ्या बहिणीनं."

"तीही त्याचीच लेक," तो समाधानानं म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

मला त्याला गाडीतून ढकलून द्यावंसं वाटलं. बाजूचं दार नीट लागलंय का, ते मी पाहिलं. वळणावर गाडी हिंदकळली तसा तो हात माझ्याकडे कलला. तळवा उघडा होता, बोटं पसरलेली, माझ्या गालापासून वीतभर. माझे खांदे भरून आले होते. मी तो तसाच वर धरून ठेवला.